सातव्या तासाची पाटी

निपाणीच्या आमच्या शाळेत सहा तास होत. सहाव्याची घंटा झाली की मुलं पळत सुटायची. ज्यांना घरी जायची घाई नसे ती माझ्याभोवती गोळा होत आणि मी त्यांना कोडी घालत असे. मुलांनीच त्याचं नाव ठेवलं, सातवा तास.

मी निवृत्त झाले तेव्हा त्या तासाला बसलेली पारमिता कॉलेजात होती. ती घरी आली आणि म्हणाली, "मंगलआक्का, तास बंद करायचा न्हाय. मी तुमाला इंटरनेटवर काढून देतो." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, 'देतो', 'जातो'. आणि तिनं खरंच काढून दिला.

वेबसाइटला नाव लागतं, घराला पाटी लागते तसं. ते दरवर्षी नव्यानं नोंदवावं लागतं. पारमिताचा थोरला भाऊ दीपंकर स्टँडसमोरच्या गाळ्यात तोच धंदा करायचा. मंगल कार्यालय, पतसंस्था, तंबाखूचे व्यापारी, सगळ्यांची नावं त्यानंच नोंदवलेली. आमचं नाव पारमितानं स्वतःच्या हातानं टाइप केलं, आणि 'त' आला तिथं टीएच घातला. कर्नाटकात 'त' तसाच लिहितात; इथं शिकलेलं लेकरू दुसरं काय घालणार?

"कोल्हापूरवाला ह्येला 'साथवा थास' वाचंल की गं!" दीपंकर हसला होता.

"वाचू दे. आपली पोरं बरोबर वाचत्यात," ती म्हणाली होती.

दोन वर्षांनी तिला लांब कुठंतरी पुढचं शिकायला जायचं होतं आणि घरात स्थळ आलेलं. तिचे वडील सत्याप्पा तंबाखूच्या वखारीत राबून म्हातारे झालेले, तापट माणूस. म्हणाले, "ह्यो उंबरा वलांडलास तर परत वलांडू नको." पारमिता माझ्या हाताखाली शिकलेली, सांगितलेला शब्द जसाच्या तसा धरणारी. ती गेली, ती परत आली नाही. दीपंकरनं दोन वर्षं ईमेल पाठवले. उत्तर नाही.

मी मात्र दर शनिवारी कोडं टाकत राहिले. आता बरीच मुलं इंग्रजी नाहीतर कन्नड शाळेत जातात, म्हणून कोडं देवनागरीत देते आणि खाली इंग्रजी अक्षरांतही. उत्तरं येतात. त्यांत एक नेहमी बिननावाचं असे, इंग्रजी अक्षरांत, 'त'ला टीएच घातलेलं. तेवढ्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे मला कळतं. तरी शनिवार आला की मी आधी तेच शोधायची. गेल्या उन्हाळ्यापासून ते यायचं थांबलं.

आणि दिवाळीनंतर दीपंकरनं मला गाळ्यात बोलावून घेतलं. एक मोठी परदेशी कंपनी आपल्या देशात वेबसाइटची नावं विकायला उतरली होती. दीपंकर ज्या छोट्या कंपनीमार्फत नावं नोंदवायचा, ती आपली सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या हवाली करून मोकळी झाली होती.

"आता माझ्या हातात कायबी न्हाय, आक्का. ज्येच्या नावावर नोंद, त्येला ईमेल जाणार. पंधरा दिवसांत त्येनंच व्हय म्हनायचं. न्हायतर नाव गेलं, कुनीबी उचलंल."

"मग आपली नोंद कुणाच्या नावावर?"

तो खाली बघत म्हणाला, "पारमिताच्या."

मी त्या मोठ्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. "मॅडम, इसमें स्पेलिंग की गलती है. सही स्पेलिंगवाला नाम खाली है, वो ले लीजिए ना."

"गलती नहीं है बेटा," मी म्हटलं. "हमारे यहाँ ऐसे ही लिखते हैं."

मग तिनं दुसरी वाट सांगितली. शाळेचा दाखला, माझं आधार कार्ड आणि अर्ज दिला, तर नाव माझ्यावर होईल.

"तासाभराचं काम," दीपंकर म्हणाला.

"आणि पारमिताला गेलेला ईमेल?"

"त्यो रद्द हुईल."

मी अर्ज लिहिला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि त्याला म्हटलं, थांबू या. सात वर्षं मी तिच्याशी कोड्यांच्या आडून बोलत आले. आता कुणीतरी तिला तिच्या नावानिशी सरळ विचारलं होतं. ते मला पुसवेना.

सत्याप्पा रोज गाळ्यात यायला लागले. दारातूनच विचारायचे, "लाईट आली काय रं?" डोक्यावर पंखा फिरत असायचा.

"न्हाय आली, आप्पा," दीपंकर सांगायचा, आणि ते गुमान बाकावर टेकायचे.

पंधराव्या दिवशी दुपारी मी पिशवीतून अर्ज काढला. संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. तास गेला तर बाकीच्या लेकरांनी कुठं यायचं? दीपंकरनं हात पुढं केला, पण त्याआधी सत्याप्पांनी कागद घेतला आणि मांडीखाली सारला.

"आप्पा, खुळ्यासारखं करू नगासा!"

"गप रं. परीक्षेचा अभ्यास ती कवा करायची? आदल्या दिशी. न्हाय काय, बाई?"

"व्हय," मी म्हटलं. तसंच करायची ती.

तिघंही बसून राहिलो. चहा आला, गार झाला. चार वाजून गेल्यावर दीपंकरनं पुन्हा एकदा नोंदीचं पान उघडलं आणि खुर्चीतून अर्धा उठला. नावाची मुदत एक वर्षानं पुढं गेली होती.

"तिनं व्हय म्हटलं, आप्पा."

"कुटनं?"

त्या पानावर मालकाचं नाव-गाव झाकलेलं असतं, फक्त राज्य दिसतं. काल तिथं कर्नाटक होतं. आज महाराष्ट्र होतं.

सत्याप्पा रस्त्याकडं बघत होते. समोरून कोल्हापूरची गाडी सुटत होती. "म्हाराष्ट्र म्हंजे... हितलं जवळचं कागलबी आलं की त्यात?"

"आलं," मी म्हटलं.

"आनि लांबचं चांदाबी?"

"तेही."

गाडी वळून दिसेनाशी झाली. त्यांनी मांडीखालचा कागद काढून माझ्या हातात दिला. "बाई, ह्या शनवारचं कोडं मी सांगू?"

"सांगा की."

"घरात न्हाय, भाईर न्हाय. समदी वलांडत्यात, पर त्यो कुनाला आडवत न्हाय. वळखा."

दीपंकर तोंड फिरवून प्रिंटरशी खुडबूड करू लागला. मी आधी देवनागरीत लिहिलं, मग खाली इंग्रजी अक्षरांत. 'वलांडत्यात'मध्ये दोन 'त' होते. दोन्हीकडं टीएच घातला.