मी तक्रारपेटी, हल्ली कथापेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. जुनी म्हटलं म्हणून मोडकी समजू नका. किनवटच्या जंगलातलं सागवान आहे मी, नागप्पा सुताराच्या हातचं. एकही खिळा न मारता, खाचेत खाच बसवून त्यानं मला जोडलं. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओट्यावर, दाराशेजारच्या भिंतीला टांगून घेऊन मी वीस-बावीस पावसाळे काढले, पण अंगाला कुठं फट म्हणून नाही. आपली स्तुती आपण करू नये म्हणतात. पण दुसरं कुणी करायला येत नाही, मग काय करता!

माझा जन्म तसा मोठ्या कामासाठी झाला होता. कपाळावर लाल अक्षरांत 'तक्रारपेटी' असं लिहिलं होतं. लोकांनी तक्रारी टाकायच्या आणि वाचनालयाच्या अध्यक्षांनी वाचायच्या, असा बेत. पण माझी किल्ली कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुठं ते खुद्द अध्यक्षांनाही ठाऊक नाही. वर्षातून एकदा, सव्वीस जानेवारीच्या साफसफाईला मला उघडत. पोटातून निघायचं काय, तर एसटीची तिकिटं, गोळ्यांचे कागद आणि पालीची अंडी. एका वर्षी चार खऱ्या तक्रारीही निघाल्या. झाडणाऱ्यानं त्या अंड्यांबरोबरच सुपलीत भरल्या. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. पोटातलं कुणी वाचणारच नसेल, तर पेटीत आणि खोक्यात फरक तो काय?

मग मंजुषाबाई आल्या. त्या वाचनालयाच्या नव्या ग्रंथपाल, रोज नांदेडहून एसटीनं येणार आणि सव्वापाचच्या गाडीनं परत जाणार. त्यांनी स्पर्धा सुरू केली, 'शंभर शब्दांत गोष्ट', दर महिन्याला. नियम सोपा. गोष्ट शंभर शब्दांच्या आत बसली पाहिजे, गोष्टीच्या कागदावर लेखकाचं नाव नको, नावाची चिठ्ठी वेगळी घडी करून सोबत टाकायची. पेटी हवी होती. मी होतेच. निवृत्ती पेंटरनं माझ्या कपाळाला पांढरा हात मारला आणि वर निळ्या अक्षरांत 'कथापेटी' लिहिलं. रंगात त्यानं पाणी जरा सढळ हातानं घातलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात खालची लाल अक्षरं वर डोकावू लागली.

पण काय दिवस होते ते! महिन्याच्या शेवटी माझं पोट गच्च. समोरच्या भांड्यांच्या दुकानाचे मल्लिनाथअप्पा तर माझे हक्काचे गिऱ्हाईक. पहिल्या नंबरला स्टीलचा डबा त्यांच्याच दुकानातून मिळायचा. विजेत्याचं नाव मशीननं डब्यावर तेच घालायचे. आणि दर महिन्याला स्वतःही गोष्ट टाकायचे. दोन वर्षांत एकदाही नंबर नाही! "मंजुषाबाई, 'आणि' मोजू नका की. त्यो काय शब्द हाय का?" असं म्हणत ओट्यावर उभ्या उभ्या बोटांवर शब्द मोजायचे. हसू येई, पण माणूस जिद्दीचा.

आता ऐका त्या ऑगस्टची गोष्ट.

एका संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर एक बाई ओट्यावर आली. डोक्याला टॉवेल, हातात खुरपं, पाय चिखलानं भरलेले. तिनं दाराचं कुलूप पाहिलं, पाटी पाहिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी जाता जाता ती माझ्यापुढं थांबली. निळी अक्षरं तिनं सोडली आणि खालची फिकट लाल अक्षरं एकेक करून मोठ्यानं वाचली, "त-क्रा-र-पे-टी." चौथ्या दिवशी तिनं माझ्यात एक कागद टाकला. हा तो कागद:

'मी सरजाबाई. सोयाबीनमध्ये खुरपायला जाते. सहाला घरी येते. पन्नाशीत वाचायला शिकले, सर्टिफिकेट हाय. वर्गातल्या बाईनं सांगितलं, आता वाचनालयात जा. तीन दिवस आले. तिन्ही दिवस कुलूप. पाटीवर लिवलंय, अकरा ते पाच. ती पाटी वाचली. कुलपावरलं कंपनीचं नाव वाचलं. तेवढंच वाचून माघारी गेले. याचं काय ते करा.'

महिनाअखेरीस परीक्षक बसले. मंजुषाबाई आणि अध्यक्ष राजशेखर सर. सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून डोळे पुसले. "वा! कुलपावरचं नाव वाचून परत जाते! काय कल्पना आहे! आणि शेवट बघा, 'याचं काय ते करा'. पहिला नंबर!"

"अहो, कल्पना कसली डोंबलाची!" मी आतल्या आत ओरडले. "ती बाई माझ्यापुढं उभी होती!" पण मला तोंड दिलंय ते गिळायला, बोलायला नाही. सरजाबाई हे गोष्टीतल्या पात्राचं नाव असं दोघांनी धरलं. सोबत चिठ्ठी नाही, म्हणजे लेखक घाईत विसरला असणार.

रविवारी दुपारी बक्षीस समारंभ झाला. सरांनी माइकवर ती गोष्ट वाचली, शेवटच्या ओळीला तर रडलेच ते. टाळ्या पडल्या. "लेखकानं पुढं यावं." कुणी येईना. येणार कोण? लेखिका तेव्हा रानात वाकून तण काढत होती. डबा बिननावाचा टेबलावर राहिला, आणि दाराला पाचला कुलूप लागतच राहिलं.

पंधरा दिवस वाट पाहून सरजाबाई एका मंगळवारी दिवसाचा रोज मोडून भरदुपारी आली. मल्लिनाथअप्पा तिथंच होते, डब्यावर कुणाचं नाव घालू म्हणून विचारायला आलेले.

"जयभीम बाई. माझ्या कागदाचं काय झालं? कवापासून वाट बघून राहिले."

"कोणता कागद, मावशी?"

"कुलपाचा."

मंजुषाबाई खुर्चीवरून उठल्याच. "तुम्ही सरजाबाई? अहो, तुमच्या गोष्टीला पहिला नंबर मिळालाय!"

"गोष्ट न्हाई ती. गाऱ्हाणं हाय माझं."

"पण नंबर..."

"नंबर आला. मंग कुलूप निघालं का?"

मंजुषाबाईंचा चेहरा उतरला. "मावशी, सव्वापाचची गाडी चुकली की मला साडेआठशिवाय गाडी नाही हो. घरी लेक लहान आहे."

"तुमची बी अडचण खरी हाय," सरजाबाई म्हणाली, आणि जायला वळली. तेवढ्यात मल्लिनाथअप्पा खेकसले, "थांबा की मावशी! बाई, किल्ली मला द्या. माझं दुकान आठपर्यंत उघडंच असतंय. इथं लक्ष ठेवायला कितीसं लागतंय?"

मंजुषाबाईंनी लगेच सरांना स्पीकरवर फोन लावला. सर म्हणाले, ठरावाशिवाय किल्ली देता येत नाही, पुढच्या बैठकीत पाहू. एरवी शब्दाला शब्द न देणाऱ्या मंजुषाबाई, पण त्या दिवशी सरळ म्हणाल्या, "सर, ही बाई खरी आहे. माझ्यापुढं उभी आहे. तुम्ही हिच्यासाठी माइकवर रडलात, आणि आता बैठक?" मग सर म्हणाले, "द्या किल्ली. ठराव मी लिहितो."

शाब्बास गं माझी बाई! मला तर भिंतीवरून उडी मारावीशी वाटली.

अप्पांनी डबा उचलला. "पुरं नाव सांगा, मावशी."

"नुसतं सरजाबाई घाला. मला वाचता यायला पायजे."

दुसऱ्या दिवसापासून वाचनालय रात्री आठपर्यंत उघडं. पहिल्या संध्याकाळी सहा बाया आल्या, आठवड्यात चौदा झाल्या. आणि महिनाअखेरीस सरजाबाईनं माझ्यात पुन्हा कागद टाकला. या खेपेला चिठ्ठी वेगळी, नियमानं. बाजारात आपलं गिऱ्हाईक आपणच निवडणाऱ्या म्हशीची गोष्ट होती, मनानं रचलेली. नंबर आला नाही. मंजुषाबाईंनी भीत भीत सांगितलं, "मावशी, परीक्षकांना शेवट कच्चा वाटला."

सरजाबाई पदर तोंडाला लावून हसली. "हरले तर हरले. वाचून हरवलं नव्हं? मंग झालं. शेवट नीट करून आणते."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी सागवान आहे, मला काही होत नाही. पण तुमच्या गावातही एखादी पेटी टांगलेली असेल, तिच्यात कुणीतरी चिखलाच्या पायांनी येऊन कागद टाकलेला असेल. गोष्ट असो की गाऱ्हाणं, ती पेटी उघडा आणि तो कागद वाचा. आणि वाचून झाल्यावर नुसतं 'वा!' म्हणून उठू नका.