घमेल्यात न बुडालेले हात

इतवारीतल्या मुकुंदशेठच्या कारखान्यात घरी जायच्या आधी प्रत्येकानं घमेल्यात हात धुवायचे. सोनं घासताना उडालेली भुकटी हाताला चिकटते, ती शेठची. पाणी निवळलं की तळाच्या गाळातून सोनं काढायचं. हातावरचा मळसुद्धा मालकाचा, असा हा धंदा.

माया तिथं दागिने पॉलिश करायची. तिच्या तळहातांना लहानपणापासून घाम, भर थंडीतही टपटप गळणारा. दागिना निसटायचा, म्हणून मांडीवर कायम रुमाल. भुकटीची घट वाढली, म्हणजे गाळातून निघणारं सोनं हिशेबापेक्षा कमी भरायला लागलं, तेव्हा शेठची नजर थेट त्या रुमालावर गेली.

"एवढा घाम काहून येते वं तुले? ज्याच्या पोटात पाप, त्याच्याच हाताले घाम."

"लहानपणापासूनचा हाय, शेठ."

"मंग लहानपणापासूनच..." शेठनं वाक्य अर्धं सोडलं. शेजारची कांताबाई फिदीफिदी हसली. पहिल्या दिवशी मायाची वस्ती विचारून ज्यानं प्यायच्या पाण्यासाठी माठ सोडून नळाकडे बोट दाखवलं होतं, त्याचं अर्धं वाक्य मायाला पुरं कळलं.

मग हुकूम निघाला, रुमाल इथंच ठेवून जायचा. शनिवारी शेठ तो जाळायचा आणि राख चाळायचा. एखादा कण सापडायचा. सोनं घासणारीच्या रुमालात काय साखर सापडणार? पण शेठला तेवढं पुरलं. दिवाळीपर्यंत घट थांबली नाही तर माया बाहेर, आणि सराफ्यात चोर म्हणून दवंडी पिटून बाहेर. मग दुसरा कोण दारात उभं करतो?

माया सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर वैदेहीनं प्रश्न सुरू केले. झोपेत येतो का? नाही. दोन्ही हातांना? हो. घरात आणखी कुणाला?

"बापाले होता. काहून, खानदानच चोर हाय का ते पाहून राहिले?"

डॉक्टर हसली नाही. "हा हायपरहायड्रोसिस आहे. घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंकडून गरजेपेक्षा जास्त हुकूम जातात. भीतीनं वाढतो, पण भीतीमुळं होत नाही. कुणी तुमच्याकडे बघत बसलं की हात आणखी भिजतात, तेच चाललंय."

थायरॉईड, साखर तपासली. ठीक निघाली. रात्री कोरड्या हातांना लोशन लावायचं, सकाळी धुवायचं. हातांची आग झाली आणि घाम काही हटला नाही. हीपण फसवून राहिली, असं म्हणत माया बाटली परत द्यायला गेली. डॉक्टरनं तिचे हात पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून यंत्र लावलं. सौम्य वीज सोडणारं.

"शॉक देऊन कबूल करून घेता का बाई?"

"मुंग्या येतील, बस. आठवड्यातून तीनदा यायचं. गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. ऑपरेशन अगदी शेवटी, कारण हाताचा थांबला तर पाठीला सुटू शकतो. आणि हे कायमचं जाणार नाही. सुकल्यावरही अधूनमधून यावं लागेल."

कायमचं जाणार नाही हे तोंडावर सांगणारी बाई खोटी नसावी, असं मायाला तेव्हा वाटलं.

हात सुकले. शेठ म्हणाला, "आता कसे सुकले? म्हणजे इतके दिवस नाटक होतं!" सराफ्यातही तो तेच सांगत फिरला. घट मात्र होती तशीच राहिली.

इतकी वर्षं मायाची नजर स्वतःच्या तळहातांवर खिळलेली असायची. आता ती मोकळी झाली आणि दुसऱ्यांच्या हातांवर फिरायला लागली. कांताबाईचे हात घमेल्यात जातात. सगळ्यांचे जातात. शेठ मात्र प्रत्येक दागिना अंगठ्यानं पुसून पाहतो, भुकटीच्या डबीत बोटं फिरवतो आणि हात गादीच्या खोळीला पुसतो. खोळ दर शनिवारी त्याची बायको यमुताई घरी धुवायला नेते. मालकाचा हात घमेल्यात कधी बुडलाच नव्हता. त्याला सांगणार कोण?

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी यमुताई खोळ काढत होत्या. माया उठली.

"थांबा ताई. शेठ, हे खोळ जाळा. माह्या रुमालासारखी."

शेठ पुढं आला.

"मालकाले चोर म्हणते का वं?"

"चोर कुठी म्हटलं? जाळा म्हटलं."

शेठनं कांताबाईकडे पाहिलं, ती मान खाली घालून घासत बसली. यमुताईंनीच खोळ शेगडीवर टाकली. "जुनीच होती. पाहू तरी, इतकी वर्षं मी मोरीत काय ओतलं."

खोळ जळाली. राख आटवली तर तळाशी गव्हाच्या दाण्याएवढा पिवळा मणी उरला. यमुताईंनी कपाळावर हात मारला.

शेठच्या मिशीवर घाम डवरला. "शेगडीचा जाळ हाय," तो कुणी न विचारताच म्हणाला. मग मायाकडे न पाहता, "सोमवारी लवकर ये. गिऱ्हाईकी हाय."

"येईन. पण सराफ्यात माह्या नावानं काय काय बोलले, ते आधी दुकानोदुकानी जाऊन वापस घ्या. नाही घेतलं तं हा मणी कुठून निघाला, ते मी सांगत फिरीन."

आणि तिनं पायानं घमेलं शेठपुढं सरकवलं.