अकरा जणी, एक पाहुणा

मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ओरडून सांगतो, शपथेवर सांगतो! खोटं निघालं तर माझे सहाही आकडे गळून पडोत.

मी एक जुना काउंटर आहे. पूर्वी वेबसाइटच्या तळाशी काळ्या चौकोनात हिरवे आकडे असायचे ना, तो मी. कोणी आलं की एक आकडा पुढे. आनंद नाही, दुःख नाही.

माझा जन्म गुडगावचा, सन दोन हजारचा. ऑफिसच्या पुढे काचेचे टॉवर उठत होते, मागे अजून मोहरीचं शेत होतं. दिल्लीतल्या मराठी माणसांसाठी एका छोट्या कंपनीनं साइट काढली आणि तिच्या प्रत्येक पानाखाली मला चिकटवलं. माझं फार कौतुक व्हायचं. एकदा ऑफिसातली मांजर कीबोर्डवर झोपली आणि पान चारशे वेळा नव्यानं उघडलं. मी चारशे पाहुणे मोजले. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मला काही वाटलं नाही.

मग मला नवं काम लावलं. पाहुण्यानं एकच पान बघितलं, दुसरं उघडलंच नाही, तर लिहायचं, आल्या पावली परत. किती वेळ थांबला? शून्य. कारण दुसरी क्लिक पडली तरच मला वेळ कळायचा.

साइटवर कंपनीतल्या नीलाचं एक पान होतं. गावाकडून नव्यानं आलेल्या बायकांनी इथल्या डॉक्टरला हिंदीत दुखणं कसं सांगायचं, ते त्यावर लिहिलेलं.

"नीला, यार, शंभरातले पंच्याण्णव आल्या पावली परत जातात," कंपनीचा मालक राजीव म्हणाला. "शुक्रवारी हे पान काढतोय."

"अरे, पण वाचून जात असतील तर?"

"शून्य सेकंदात? कमाल आहेत तुझ्या बायका!"

पान कोण वाचतं ते बघायला नीला बुधवारी थेट लष्कराच्या छावणीत गेली. तिथे जवानांच्या बायकांसाठी एका खोलीत एकच कॉम्प्युटर होता. सुभेदाराची बायको सखुबाई माऊस धरून मोठ्यानं वाचत होती. मागे दहा जणी, त्यातल्या एकीच्या कडेवर तापलेलं पोर.

"मी सांगितलं, पैर में चींटियाँ आयी हैं," एक जण म्हणाली. "तर डॉक्टर म्हणतो, घर में चीनी गिरी है क्या?"

"म्हणून तर वाचतीय! गप ऐक की गं. म्हण, पैर सुन्न हो गया."

सगळ्यांनी म्हटलं. पाऊण तास चाललं होतं. मग पान बंद केलं. मी लिहिलं, पाहुणा एक, वेळ शून्य, आल्या पावली परत.

नीला परत आली ती मला दुरुस्त करायलाच बसली. दर दहा सेकंदांनी मी बघायचं, पान अजून उघडं आहे का. तर एक जण पान उघडं टाकून जेवायला गेला, आणि मी त्यालाही वाचक धरलं. मग तिनं बदललं. पान सरकलं, माऊस हलला, तरच तो वेळ धरायचा. खोलीत माणसं किती, ते मला तरीही कळत नाही; छावणीतल्या अकरा जणींचं मला नीलाच्या बोलण्यातूनच कळलं. नवा आकडा बघून राजीव म्हणाला, "सॉरी. राहू दे ते पान."

आता मी कुठल्याच पानाखाली नाही. एका जुन्या डिस्कवर पडून आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याला टाकलंत तरी चालेल. पण आकडा कमी दिसला म्हणून काही पुसायला निघालात, तर आधी उठा आणि जाऊन बघून या.

आणि हो. एक गोष्ट मी बनवली. राजीव "राहू दे" म्हणाला नाही. नीलाचं काम सोमवारी पुरं झालं, पान शुक्रवारीच गेलं होतं. सोमवारी दुपारी छावणीतल्या कॉम्प्युटरवरून कोणीतरी तेच पान उघडलं. "हे पान सापडत नाही," एवढी एकच ओळ, आणि खाली मी. नव्या रीतीनं मोजलेली माझी पहिली भेट तीच.

चार मिनिटं. तेवढा वेळ माऊस हलत होता.