शब्द बेतायचे टेबल

“पाय जाड लाव रे याला, जन्मभर कात्रीचा भार सोसायचाय,” मी घडत होते तेव्हा म्हातारा सुतार आपल्या भावाला म्हणाला होता. मित्रांनो, तो आवाज अजून माझ्या लाकडात आहे. मी शिंप्याचे जुने टेबल, कापड बेतायचे.

माझ्या अंगावरून रेशीम वाहिले, लोकर लोळली. लोक मालकांची शिलाई वाखाणत आणि मी मनातल्या मनात फुलून जाई. मग तयार कपडे आले, मालकांचा हात थरथरू लागला आणि माझ्यावर रिकामी खोकी बसली.

एके सकाळी मालकांच्या लेकीने मला पुसले आणि काचेवर पाटी लावली : ‘लेखन करून मिळेल. वेळ दहा ते सहा.’

“लिहिण्याचं कसलं दुकान थाटतेस?” मालक म्हणाले. “वर्षभर बघतो. नाही चाललं तर गाळा मोबाईलवाल्याला.”

पहिले गिऱ्हाईक म्हणून तिची मावशीच आली. “आमच्या ऑफिसातल्या साहेबांच्या निरोपाचं भाषण लिही गं. चार ओळींचे काय पैसे घ्यायचे!”

“मावशी, चार टाके घातले तरी बाबा घ्यायचेच ना?”

“घ्यायचे तर. नातं बाहेर ठेवून ये, म्हणायचे,” असे पुटपुटत मावशीने पर्स उघडली.

मी थक्क होऊन पाहू लागले. मालकांची लेक माणसाला समोर बसवी आणि मध्ये न तोडता बोलू देई. ते तिचे माप घेणे. मग कच्चा मजकूर वाचून दाखवी, ती ट्रायल. कुठे घट्ट, कुठे सैल, ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर उमटे. कापडातून सदरा उठताना मी आयुष्यभर पाहिला होता. नुसत्या बोलण्यातून अख्खा माणूस उठताना पहिल्यांदाच पाहिला.

मालक स्टुलावर बसून सारे बघत.

वर्ष सरत आले. एका माळीबुवांच्या आयुष्यावरचे पान तिने मोठ्याने वाचले. मालकांचे डोळे भरले. तेवढ्यात तिने ते पान काढूनच टाकले.

“अगं, इतकं चांगलं का टाकलंस?”

“त्यांच्या अंगावर बसत नाही, बाबा. नुसती माझी हुशारी मिरवतं.”

मित्रांनो, कुणी शांत बसून शब्द बेतत असेल, तर त्याला रिकामटेकडे समजू नका. त्याचा वेळ जपा, त्याच्या घामाचे मोल द्या.

मालक बराच वेळ माझ्या कडेवरून हात फिरवत राहिले.

“मोबाईलवाल्याला नाही म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “तुला माझा धंदा शिकवला नाही, याची चुटपुट होती मला. कधी बोललो नाही. तू तर तोच करतेयस, पोरी.”