कोऱ्या चिठ्ठीवरची सही

“ही सही तुझीच ना रे, शेखर?”

प्रेमलाताईंनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. रागातसुद्धा कागद नीट ठेवायची सवय जात नाही. शेखर सकाळच्या गाडीनं वर्ध्याहून या हिंदी मुलखात परतला होता. घरी जेमतेम आंघोळ उरकून त्यानं सदर बाजारातलं शोभेच्या माशांचं दुकान गाठलं होतं, आणि पिशवीतला संत्रा बर्फीचा डबा नुकताच मालकांच्या, म्हणजे बाबारावांच्या पुढ्यात ठेवला होता. खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच होती.

“हव, माझीच आहे. झालं काय, ताई?”

“राजा गेला माझा. काल सकाळी.”

शेखरनं पिशवी खाली ठेवली. राजा म्हणजे प्रेमलाताईंचा ऑस्कर मासा. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांनी याच दुकानातून बोटाएवढं पिल्लू नेलं होतं. यजमान गेले तेव्हा मासा वीतभर झाला होता, आणि हातातून दाणे खायचा. प्रेमलाताई महिन्यातून एकदा येऊन विचारायच्या, “एकट्याले करमतं का रे त्याले?” आणि शेखर दर वेळी तेच सांगायचा, “त्याले तुम्ही आहात ना. दुसरं कोणी आणू नका.”

शेखरनं चष्म्याचं घर बाजूला केलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ऑस्करसोबत पफर चालेल. दोन्ही मोठे आहेत, कोणी कोणाला खाणार नाही. ऑस्करचा एकटेपणा जाईल.’ खाली त्याची सही. लपेटीचा ‘शे’, खाली दोन टिंबं. नाकारायची सोयच नव्हती.

या चिठ्ठीची हकीकत सांगायलाच हवी. माणसांची लग्नं जुळवताना छत्तीस गुण बघतात, शेखर माशांची टाकी जुळवताना त्याहून जास्त बघायचा. कोणाचं तोंड केवढं, कोणाचे पंख लांब, कोण तळाशी राहतो, कोणाला दुसऱ्याचं जेवण ओरपायची खोड. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी दांडी उडाली म्हणून बावीस वर्षांपूर्वी तो या दुकानात टाक्या धुवायला आला. धुता धुता बघत राहिला, आणि बघता बघता शहाणा झाला. मग त्यानं रीत पाडली की चिठ्ठीशिवाय मासा द्यायचा नाही. कोणासोबत काय चालेल, काय चालणार नाही, चार ओळींत लिहायचं आणि खाली सही करायची. सिलतऱ्याच्या कारखानदाराच्या केबिनपासून दातांच्या डॉक्टरच्या बाकापर्यंत लोक ती चिठ्ठी टाकीच्या काचेला चिकटवून ठेवत. बाबारावांनी तर दाराच्या काचेवर पेंटरकडून रंगवूनच घेतलं होतं, ‘कौन सी मछली किसके साथ? शेखर भैया से पूछिए.’ ज्या दिवशी ते रंगवलं त्या दिवशी शेखरनं बायकोला, मंदाकिनीला, स्कूटीवर बसवून मुद्दाम तिथून दोनदा फिरवून आणलं होतं.

शेखर भाचीच्या लग्नाला वर्ध्याला निघाला तेव्हा बाबाराव म्हणाले होते, “बारा दिवस तू नाही. गिऱ्हाईक तुझ्या सहीशिवाय मासा उचलत नाही. पंधरा-वीस चिठ्ठ्यायवर सही करून ठेव. गप्पी, मॉली, असं साधंसुधं असंन तरच देऊ.” शेखरनं उभ्या उभ्या सह्या केल्या. घरी मंदाकिनी म्हणाली, “कोऱ्या कागदावर सही कोण करते?” तो हसला होता. “कोऱ्या कागदावर नाही केली, दादाच्या हातात केली.”

आणि पफर. फाहाका जातीचा, मूळचा आफ्रिकेतल्या नद्यांचा, हातभर वाढणारा आणि चोचीसारख्या दातांचा. चिडला की फुगून चेंडू होतो, म्हणून लोक हौसेनं नेतात. हा दोन घरांतून परत आलेला होता. पहिल्या घरी त्यानं सहा एंजल मासे संपवले, दुसऱ्या घरी एका कॅटफिशला अर्धं केलं. दात झिजायला त्याला रोज टणक कवच लागतं, म्हणून घरी लसूणही जपून खाणारा शेखर बाजारात जाऊन कोचईच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, ढिगाशेजारी बसणाऱ्या बाईकडून त्याच्यासाठी घोंघी, म्हणजे गोगलगायी, आणायचा. बाई विचारायची, “रसावाली बनाथौ का, भैया?” तो स्वतः त्यांचा रस्सा करतो, असंच तिला वाटायचं. शेखर मान हलवून पुढे व्हायचा. नीलेशला, बाबारावांच्या मुलाला, ही टाकी अडलेली सोसत नव्हती. “काका, इसके साथ कुछ तो चलता होगा,” तो म्हणायचा. शेखरनं वर्षभर विचार केला, पुस्तकं चाळली, आणि शेवटी टाकीवर पांढरी पट्टी चिकटवून एकच शब्द लिहिला, ‘एकटा’.

ती टाकी आता रिकामी होती. पट्टी कोणीतरी खरवडून काढली होती.

“आठ दिवस काही नाही केलं त्यानं,” प्रेमलाताई सांगत होत्या. “गरीब गाय. मी म्हटलं, चला, राजाले सोबत झाली. नवव्या दिवशी शेपटी कुरतडली. मी टाकीत हात घालून सोडवाले गेली तं तोवर डोळाच...” त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती.

“वैसे भी बूढ़ी हो गई थी ना मछली, आंटी,” मागे टेबलाला टेकून मोबाइल बघत नीलेश म्हणाला.

शेखरच्या डोक्यात तिडीक गेली. हेच ते. हा पोट्टा कधीतरी दुकान बुडवणार, हे तो मंदाकिनीला किती वेळा म्हणाला होता. आता दादा याच्या कानाखाली वाजवतील आणि ताईंची माफी मागतील, म्हणून तो बाबारावांकडे वळला.

बाबाराव हात जोडून उभे होते. “माणूस आहे ताई, चुकते. जायच्या घाईत लिहिलं असंन शेखरनं. मी दुसरा ऑस्कर देतो ना तुमाले, चांगला मोठा.”

शेखरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यानं चिठ्ठी पुन्हा हातात घेतली आणि या वेळी मजकूर सोडून अक्षर वाचलं. नीलेशला मराठी लिहिताच येत नव्हतं. चिठ्ठीतल्या प्रत्येक शब्दावरची रेघ शेवटाला वर झटका देऊन संपत होती. दर दिवाळीला बाबाराव नव्या वहीवर ‘शुभ लाभ’ लिहीत तेव्हा तोच झटका शेखरनं बावीस वेळा पाहिला होता. वही धरायला तोच बसायचा.

नीलेशनं लिहिलं असतं तर तो ओरडला असता, भांडला असता, आणि दुपारी चहा पिऊन विसरलाही असता. हे कुठे ठेवायचं ते त्याला कळेना.

“दुसरा नको मले,” प्रेमलाताई म्हणाल्या. “शेखर, तू सांग. तू लिहिलं?”

“मजकूर मी नाही लिहिला, ताई. कोऱ्या चिठ्ठीवर सही करून गेलो होतो.”

“मंग कोनं लिहिला?”

शेखरनं बाबारावांकडे पाहिलं. बाबाराव वळले आणि गप्पींच्या टाकीत दाणे टाकू लागले. गप्पींना सकाळीच दाणे मिळालेले होते, ते वर आलेसुद्धा नाहीत.

“सही ज्याची, चूक त्याची,” शेखर म्हणाला.

“शाळेत कोऱ्या प्रगतिपुस्तकावर मी कोणत्या बापाले सही करू दिली नाही,” प्रेमलाताई हळूच म्हणाल्या. “आन् तू एवढा शहाणा. अरे, मी चिठ्ठी धड वाचली बी नाही. खाली तुझं नाव पाहिलं, बस.” मग त्यांनी चष्म्याचं घर पर्समध्ये टाकलं. “त्याले घेऊन जा माझ्या घरून. मले त्याचं तोंड पाहवत नाही.”

तेलीबांध्याच्या त्यांच्या घरात टाकी खिडकीशी होती, तिथून तलाव दिसायचा. राजाला त्यांनी खालच्या बागेत चाफ्याखाली पुरलं होतं. काचेवर शेखरच्या जुन्या चिठ्ठ्या ओळीनं लावलेल्या होत्या, नऊ वर्षांच्या, पिवळ्या पडलेल्या. सगळ्यांत नव्या चिठ्ठीची जागा रिकामी होती. पफर शेखरला पाहताच काचेशी आला आणि शेपूट हलवत वरखाली करू लागला. त्याला घोंघी हवी होती. एक डोळा शेखरकडे, दुसरा बादलीकडे. त्याचा राग शेखरला येईना. त्यानं कधी कोणाला वचन दिलं नव्हतं, आणि त्याच्या टाकीवर सरळ लिहिलेलं होतं.

“जेवला का रे तू?” निघताना प्रेमलाताईंनी सवयीनं विचारलं. मग त्यांनाच काहीतरी आठवलं आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बादली स्कूटीवर पायांशी ठेवून शेखर दुकानात परतला तेव्हा नीलेश जेवायला गेला होता. बाबाराव एकटेच होते.

“बस,” ते म्हणाले. “रागावला तू. पण समजून घे. पोरगा रोज बोलून राहिला होता, तुमच्या शेखरच्या हट्टापायी टाकी अडली. त्या दिवशी बाई आल्या, एकटा आहे म्हणून डोळ्यात पाणी. म्हटलं, दोघायचं भलं होईन. मी तुले लहान भाऊ मानतो, शेखर. भावाचं नाव वापरलं तं एवढं काय?”

“वापरलं त्याचं काही नाही, दादा. ताईंसमोर माझ्यावर ढकललं, त्याचं आहे.”

बाबारावांनी काउंटरवरचा बर्फीचा डबा उगाच थोडा सरकवला.

“उरलेल्या चिठ्ठ्या द्या.”

“अरे, ठेव ना. उद्या...”

“उद्या मी येत नाही.”

बाबारावांनी खण उघडायला वेळ लावला. चार-पाच कोऱ्या चिठ्ठ्या निघाल्या, प्रत्येकीच्या तळाशी लपेटीचा ‘शे’. शेखरनं त्या दुमडून शर्टच्या खिशात ठेवल्या. मग टाकीच्या काचेवरचं शेवाळ काढायचं पातं घेतलं, ओलं फडकं घेतलं आणि बाहेर गेला.

रंग जुना होता, सहज निघाला. त्यानं फक्त ‘शेखर भैया’ तेवढं खरवडलं. बाकीचं पेंटरचं काम होतं, दुकानाचं होतं. रस्त्यावरून गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. एक बाई मुलीचा हात धरून थांबली आणि विचारलं, “भैया, गोल्डफिश के साथ क्या रख सकते हैं?”

उत्तर त्याच्या ओठावर आलं. पाणी किती मावतं, टाकी केवढी, आधी काय आहे, हे तो विचारणारच होता.

“अंदर पूछिए, दीदी,” तो म्हणाला.

त्यानं सवयीनं काच फडक्यानं दोनदा पुसली. बावीस वर्षं त्यानं कुठलीच काच डाग ठेवून सोडली नव्हती. नाव होतं तेवढ्या जागेतून आता आतलं लख्ख दिसत होतं. काउंटरवर बर्फीचा डबा, त्याची दोरी अजून सुटलेली नव्हती, आणि त्यामागे खाली मान घालून बसलेले बाबाराव.

शेखरनं पातं दाराशी ठेवलं, स्कूटीवर बसला, बादलीवर जाळी नीट बसवली आणि पाणी हिंदकळू नये म्हणून हळूहळू घराकडे निघाला. वाटेत घोंघी घ्यायची होती.