ओढ्यापलीकडची विहीर

"आमची हीर कितव्या पानावर हाय, ताई?"

धोंडाबाईंनी माईक हातात घेऊन एवढंच विचारलं आणि स्टेजवर बसलेली हर्षाली अहवालाची पानं उलटायला लागली. नाशिकजवळच्या या गावात गोदामांची मोठी वसाहत व्हायची होती, तिच्या परवानगीआधीची ही जनसुनावणी. पर्यावरणाचा अहवाल हर्षालीने केलेला, सहीही तिचीच. अर्ध्या किलोमीटरच्या आत विहिरी अकरा, असं तिनं लिहिलं होतं. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीची विहीर त्यात नव्हती.

असेल कशी? सरपंचांच्या माणसानं तिला मोटरसायकलवरून फिरवलं. त्यानं दाखवल्या तेवढ्या विहिरी हिनं मोजल्या. ओढ्यापाशी तो म्हणाला, "पुढं काय नाय, मॅडम," आणि एवढी शिकली-सवरलेली ही बया मान डोलावून मागे फिरली! गावानं वस्तीला कधी गावात धरलं नाही ते नाहीच, निदान कागदानं तरी धरायचं ना.

शेजारी बसलेले तिचे साहेब महेश कुजबुजले, "बंद पडलेली विहीर आहे म्हण आणि विषय संपव."

म्हणायला काय, सोपं होतं. इतिवृत्तात ते एक वाक्य गेलं की परवानगीचा रस्ता मोकळा. मग गोदामांच्या सहा बोअरवेल सुरू झाल्या की वस्तीची विहीर होळीच्या आतच तळ गाठणार, आणि कागदावर नसलेल्या विहिरीसाठी दाद तरी कुठे मागायची? पण खरं बोलावं तर नोकरी गेलीच.

अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही स्वतः ती विहीर पाहिलीत का?"

सगळा मंडप हर्षालीकडे बघत होता. तिनं माईक जवळ ओढला.

"नाही," ती म्हणाली. "मला तिकडे कुणी नेलं नाही. आणि पलीकडे कोण राहतं, हे मीही विचारलं नाही. अहवाल अपुरा आहे, तसं लिहून घ्या."

सरपंच ताडकन उठले, बरंच काही बोलले. अधिकारी बाईंनी ते ऐकून घेतलं आणि नव्यानं पाहणी करायला सांगून सुनावणी पुढे ढकलली.

बाहेर आल्यावर महेशनी वाद घातला नाही. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले, गाडीत बसले आणि तिला तिथंच सोडून निघूनही गेले.

हर्षाली रस्त्यावर उभी राहिली. धोंडाबाई जवळ आल्या. त्या दोन शब्द गोड बोलतील अशी आशा तिला वाटत होती, खोटं कशाला सांगा.

"लय उशिरा बोललीस, पोरी," धोंडाबाई म्हणाल्या. "चल आता पायी. हीर दावते."