बी एकतीसचा खूर

वेस्टमिअर ड्रॅगून्स या पलटणीचा छापील इतिहास चांगला पाचशे पानी आहे. जिंकलेल्या लढायांचं त्यात घोड्याच्या नावानिशी वर्णन आहे, आणि हरलेल्या लढाया सगळ्या धुक्यामुळे हरल्या आहेत. सव्वादोनशे वर्षं खोगिरावर काढलेली ही पलटण एकोणीसशे अडतीस सालच्या शरदात घोड्यांवरून उतरली आणि रणगाड्यांत शिरली. त्या उतरण्याला इतिहासकाराने दीड ओळ खर्ची घातली आहे: ‘वयस्क घोडे नियमानुसार मारण्यात आले, त्यासंबंधीची कागदपत्रे बिनचूक आहेत.’ हा ‘बिनचूक’ शब्द वाचला की एनॉक ब्रॅडवेलला म्हातारपणीसुद्धा ठसका लागायचा.

एनॉक म्हणजे बी स्क्वाड्रनचा सार्जंट-मेजर. माणूस सरळ, पण संशयी. मेसमधला चहा पातळ लागला तर दूध कोण पळवतंय याचा तो आधी विचार करी, आणि आभाळ भरून आलं तरी यामागे कुणाचा हात आहे असं बघितल्यासारखं वर बघी. त्याची नजर मात्र देणगी होती. परेडच्या मैदानाच्या या टोकाला उभा राहून तो त्या टोकाच्या स्वाराला सांगायचा, तुझ्या रिकिबीचा पट्टा एक भोक ढिला आहे. शिपाई वैतागायचे, पण पट्टा ढिलाच निघायचा.

रणगाडे आले तेव्हा एनॉकने त्यांना पत्र्याच्या पेट्या म्हणून नाकं मुरडली. मग गोळीबाराच्या मैदानावर त्याला तोफेमागे बसवलं, आणि पहिल्याच दिवशी त्याने तरण्याबांड पोरांची तोंडं बंद केली. कर्नलसाहेबांनी त्याचं नाव तोफशिक्षकांच्या यादीत पहिलं घातलं. ते नसतं तर नोव्हेंबरअखेर त्याला घरी बसावं लागलं असतं, कारण त्याच्या वयाच्या बाकीच्यांना नारळ मिळाला होता. त्याला घर असं नव्हतंच. अठराव्या वर्षी पलटणीत आला तो तिथलाच झाला.

नारळ मिळालेल्यांत सायलस पॉडमोर होता, पलटणीचा मुख्य नालबंद. रणगाड्याला नाल लागत नाहीत. सायलस आणि एनॉक वीस वर्षांचे दोस्त. एकाच तंबूत कुडकुडलेले, एकाच बाटलीतून प्यालेले.

हुकूम असा आला की पंधरा वर्षांवरच्या घोड्यांना मारायचं, तरुण घोडे दुसरीकडे पाठवायचे. एनॉकची घोडी टॅन्सी सोळाची होती. शिंगरूपण नुकतं संपलेलं असताना ती त्याच्याकडे आली, त्यानेच तिला शिकवली, आणि रोज सकाळी त्याच्या उजव्या खिशात तोंड घालून पेपरमिंटची गोळी काढल्याशिवाय ती खोगीर चढवू देत नसे. एनॉकला हुकमाचं वाईट वाटलं, पण भीती दुसरीच वाटली. पहिलं युद्ध संपलं तेव्हा बेल्जियममध्ये त्याची पहिली घोडी सरकारने लिलावात काढली होती, आणि एका खाटकाने तिला दोरीने ओढत नेलेलं त्याने फाटकाशी उभं राहून पाहिलं होतं. ती वळून वळून बघत होती. ते त्याच्या छातीत वीस वर्षं रुतून बसलं होतं. म्हणून त्याने सायलसला गाठलं आणि सांगितलं, टॅन्सीला तूच संपव, एका घावात. कुणा व्यापाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नकोस. सायलसने मान डोलावली आणि म्हणाला, त्या दिवशी तू पागेकडे फिरकू नकोस.

एनॉक फिरकला नाही. दिवसभर तो मैदानावर तोफा डागत राहिला.

लष्करातल्या घोड्याच्या पुढच्या डाव्या खुरावर तापल्या लोखंडाने त्याचा नंबर डागलेला असतो. घोडा मारला की नालबंदाने तो खूर कापून आणून दाखवायचा. नाहीतर घोडा मेला म्हणून सांगून त्याला खुशाल विकणारे पूर्वी कमी नव्हते. दुसऱ्या दिवशी नालबंदखान्याच्या अंगणात अडतीस खूर पेंढ्यावर ओळीने मांडले होते आणि नंबर पाहण्याचं काम एनॉककडे होतं. सायलस बाजूला हाताची घडी घालून उभा. एनॉक एकेक खूर बघत, कारकुनाला नंबर सांगत पुढे सरकत होता. बी एकतीस आला. टॅन्सीचा. तिथे तो जरा जास्त थांबला.

आता, खूर हा नखासारखा वाढतो. वर केसांच्या कडेशी डागलेला नंबर महिन्या-महिन्याने खाली उतरतो, म्हणून वर्षातून दोनदा नवा डाग द्यावा लागतो. शेवटचे डाग एप्रिलमध्ये दिले होते, पुढचे द्यायच्या आधीच हुकूम आला होता. बाकी सगळ्या खुरांवर नंबर तीन बोटं खाली उतरलेला होता. बी एकतीस मात्र केसांच्या अगदी खाली होता, काळाभोर, जणू काल उठवलेला.

“हा परत डागला होतास का रे?” एनॉकने विचारलं.

“ऑगस्टमध्ये. पुसट झाला होता,” सायलस म्हणाला, आणि खूर उचलून त्याने गोणीत टाकला.

ऑगस्टभर टॅन्सी एनॉकबरोबर उन्हाळी छावणीत होती आणि सायलस इथे. कारकुनाने गोणीला लाखेची मोहर लावली. दाखल्यावर सही झाली की खूर भट्टीत जायचे. एनॉक म्हणाला, सही सोमवारी करतो.

मग त्याचं डोकं फिरायला लागलं. हा खूर तिचा नाही. मग ती कुठे आहे? गेल्याच आठवड्यात गॉफ नावाचा घोड्यांचा दलाल फाटकाशी सायलसच्या कानाला लागलेला त्याने पाहिला होता. म्हाताऱ्या घोड्यांना जहाजात कोंबून पलीकडच्या खाटकांना पोचवणारा तो गॉफ. सायलसच्या अंगावर नवा कोट होता. खूर पाहिले त्याच संध्याकाळी तो सायकलला एक गोणी बांधून कुठेतरी गेला आणि परतल्यावर, एनॉकने सहज विचारल्यासारखं विचारलं तर, मेव्हण्याकडे गेलो होतो म्हणाला. सायलसचा मेव्हणा कॅनडात असतो हे अख्ख्या मेसला ठाऊक होतं. वीस वर्षांच्या दोस्ताने आपल्याला फसवावं, तेही या एकाच गोष्टीत, याने एनॉकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवताना तो सायलसच्या हातांकडे बघे आणि त्याला घास जात नसे. सायलस मीठ मागायचा आणि हा मिठाचं भांडं न बोलता सरकवायचा.

शनिवारी सकाळी त्याने बूट चमकवले आणि पलटणीचा कारभार पाहणारे ॲडज्युटंट, कॅप्टन फेन, यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. एका खुराविषयी मला संशय आहे, म्हणाला. कॅप्टन तसे शांत गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं, पाइप खाली ठेवला आणि सांगितलं की हा आरोप खरा ठरला तर पॉडमोरचं पेन्शन जाईल, शिवाय तुरुंगही लागेल. तेव्हा तोंडी नको, सोमवारी नऊ वाजता लेखी द्या, मग पशुवैद्याला बोलावून गोणी उघडू. तोवर मी काही ऐकलेलं नाही. एनॉकने सलाम ठोकला. बाहेर आल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवारी चर्चमधून सायलस मागच्या दाराने सटकला. एनॉकही सायकल घेऊन मागे लागला, वळणावळणाला थांबत. रस्ता टेकड्यांमधून वर जाणारा, खडूचा, पांढरा फटक. चार मैलांवर, जुन्या पाणचक्कीच्या पुढे, एका दगडी घराशी सायलसने सायकल टेकवली, गोणी खांद्यावर घेतली आणि कुरणाचं फाटक उघडलं. एनॉक कुंपणाआडून पाहत राहिला.

टॅन्सी सफरचंदाच्या झाडाखाली उभी होती. पोट टम्म भरलं होतं तिचं. ती दुडक्या चालीने सायलसकडे आली आणि गोणीतली गाजरं खाऊ लागली.

एनॉकला आधी आनंदच झाला. पण स्वभाव तो स्वभाव. दुसऱ्याच क्षणी त्याला वाटलं, इथे ठेवलीय, पुढच्या जहाजाने पाठवणार. तो कुंपण ओलांडून तरातरा गेला.

“गॉफने किती कबूल केलंय?”

सायलस दचकला नाही. तो इतका वेळ वाटच बघत असावा, तसा वळला. “गॉफला मी फाटकावरनं हाकलला,” तो म्हणाला. “कानात शिव्या घातल्या त्याच्या. मोठ्याने घातल्या असत्या तर गार्ड हसले असते.”

“मग ही इथे कशी?”

मग सायलसने सांगितलं, अडखळत, टॅन्सीच्या मानेवर हात फिरवत. त्या दिवशी त्याने सदतीस घोडे मारले. हिला मुद्दाम शेवटी ठेवली होती. कुऱ्हाड हातात घेऊन तो समोर गेला तर हिने त्याच्या उजव्या खिशात तोंड घातलं. खिशात काही नव्हतं. ती शोधत राहिली. हात उठलाच नाही, म्हणाला. दारूच्या भट्टीवरची एक घोडी त्याच रात्री पोटशुळाने मेली होती. तिचा खूर मागून आणला आणि नंबर उठवला. हे कुरण टर्व्हिलबाईंचं. चाळीस वर्षं शाळेत पोरं हाकली त्यांनी, आता त्यांना एक घोडी हवी होती, नुसती खिडकीतून बघायला. हा अंगावरचा कोटही त्यांनीच दिला, त्यांच्या भावाचा.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगितलं असतं तर तू सही केली असतीस?”

एनॉकने जन्मात खोटी सही केली नव्हती, आणि हे सायलसला माहीत होतं.

“तुला न कळता सही होऊ द्यायची, आणि मग नाताळला तुला इथे आणायचं, असं ठरवलं होतं,” सायलस म्हणाला. “डाग वर पडला लेका. अंधारात घाईघाईने उठवला. म्हटलं कुणाच्या लक्षात येणार नाही. तू बघणार आहेस हे सकाळी कळलं, तोवर उशीर झाला होता.”

टॅन्सीने एव्हाना एनॉकला ओळखलं होतं. ती आली आणि तिने त्याच्या खिशात तोंड घातलं. गोळी होती, सवयीने त्याने रोज ठेवलीच होती. ती कडाकडा चावत असताना एनॉकने शरमेने मान खाली घालून सांगितलं की काल मी कॅप्टनकडे गेलो होतो.

सायलसने रिकाम्या गोणीची घडी घातली. मग त्याने एवढंच विचारलं, “माझं जाऊ दे. हिला कुठे नेऊ आता?”

सोमवारी नऊ वाजता एनॉक कॅप्टन फेन यांच्यापुढे उभा होता. हात रिकामे होते. टेबलावर घोड्यांचा दाखला होता, आणि त्याच्याशेजारी तोफशिक्षकांची यादी.

“लेखी कुठाय, सार्जंट-मेजर?”

“माझी चूक झाली साहेब. डाग बरोबर आहे.”

“शनिवारी तुम्ही लेखी द्यायला तयार होता.”

“डोळे साहेब. वर्षभर धूसर दिसतंय. कुणाला बोललो नव्हतो.”

कॅप्टनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. अख्ख्या पलटणीत ज्याच्या नजरेला लोक वचकून होते तो माणूस हे सांगत होता. संशय आता दुसऱ्या बाजूने येत होता, आणि एनॉकला पहिल्यांदा कळलं की तो अंगावर घ्यायला कसा लागतो. कॅप्टन उठून खिडकीशी गेले. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नवा रणगाडा उभा होता आणि एक शिपाई त्याच्या बाजूला रंगाचा डबा घेऊन बसला होता.

“त्याच्यावरचा नंबर वाचा.”

आठ, दोन, सात. साताची मान वाकडी आली होती आणि रंगाचा एक ओघळ खाली उतरला होता. शिपायाच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती.

“रणगाडा दिसतो साहेब,” एनॉक म्हणाला. “नंबर नाही दिसत.”

“विचार करून सांगा. आंधळ्याला मी तोफेमागे बसवू शकत नाही.”

“विचार करूनच सांगतोय साहेब.”

कॅप्टन परत बसले. त्यांनी यादी पुढे ओढली आणि पहिल्या नावावर रेघ मारली. रेघ सरळ होती. मग त्यांनी दाखला त्याच्यापुढे सरकवला: अडतीस खूर पाहिले, नंबर जुळले. एनॉकने लेखणी घेतली आणि सही केली. ठिपक्यांच्या बारीक रेषेवर, अक्षर न अक्षर, जशी बावीस वर्षं करत आला तशी. कागद सोडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की धूसर डोळ्यांच्या माणसाची सही अशी रेषेवर बसत नाही, पण तोवर कॅप्टन त्या सहीकडे बघत होते.

त्यांनी टीपकागद उचलून ती सही टिपली, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ. दाखला खणात टाकला आणि खण बंद केला.

“बिनचूक,” ते म्हणाले. “गोणी भट्टीत टाकायला सांगा. तुमच्या वैद्यकीय कागदांचं मी बघतो. तिसाव्या तारखेपर्यंत तुम्ही मोकळे व्हाल.”

एनॉक बाहेर आला. गोणी ठेवलेल्या सामानाच्या खोलीकडे जायची वाट मैदानावरून होती, रणगाड्याला लागून. शिपाई त्याला बघून धडपडत उभा राहिला आणि शिव्या खायच्या तयारीने अंग चोरून थांबला. वाकडा सात, ओघळ, सुटलेली नाडी, सगळं हातभर अंतरावर होतं. एनॉकच्या ओठापर्यंत आलं. पण ते आता त्याला दिसायचं नव्हतं, म्हणून तो तसाच पुढे गेला.